आजोबांना इंग्रजीत 'ही' म्हणायचं की 'दे'?

सातारची आई:
नमस्कार मंडळी. मुलगी सहावीत आहे, सेमी इंग्लिश. 'माय ग्रँडफादर'वर दहा ओळी लिहून नेल्या होत्या, काल वही परत आली ती लाल शाईने भरून. तिने लिहिलेलं, 'माय ग्रँडफादर आर अ फार्मर. दे गेट अप ॲट फाइव्ह. दे हॅव टू बफेलोज.' टीचरनी सगळीकडे ही, इज, हॅज केलंय, पण का ते कुठेच नाही. पोरगी रडवेली होऊन विचारते, आई, ही म्हणजे तो ना, मग आजोबांना तो म्हणायचं? मला उत्तर देता आलं नाही, कारण मी पण ऑफिसात 'सर आर इन मीटिंग' असंच म्हणत आलेय. हॅज-हॅवमध्ये पण माझा घोळ होतो. कुणीतरी नीट समजावून सांगा, नियम पाठ आहेत पण बोलताना आठवत नाहीत.

निवृत्त मास्तर:
ताई, आधी लेकीला सांगा की तिला मराठी चांगलं येतं म्हणून ही चूक झाली. आपल्याकडे आदरार्थी बहुवचन आहे, आजोबा आला म्हणत नाही, आजोबा आले म्हणतो, माणूस एकच पण क्रियापद अनेकवचनी. इंग्रजीत क्रियापदातून मान देत नाहीत, तिथे फक्त डोकी मोजायची. आजोबा एक, म्हणून ही इज. आणि 'ही' म्हणजे 'तो' हे अर्धंच झालं. आपला 'तो' आणि आदराने म्हणतो तो 'ते', दोन्ही त्यात आले. इंग्लंडच्या राजाबद्दल बोलतानाही 'ही इज'च म्हणतात, त्यात राजाचा मान जात नाही.

गंमत म्हणजे समोरच्याशी बोलताना इंग्रजीतही हे एकेकाळी होतं. दाऊ म्हणजे तू, यू म्हणजे तुम्ही. मोठ्या माणसाला एकट्यालाही यू म्हणायला लागले, मग हळूहळू सरसकट सगळ्यांनाच, आणि रोजच्या बोलण्यातून दाऊ गेलं. म्हणून एकाच माणसाला पण 'यू आर', 'यू इज' नाही. थेट आपलं 'तुम्ही आहात'. लेकीला हे सांगा, तिला आवडेल.

काउंटर नंबर ३:
हॅज-हॅवचं मी सांगते, मी पण कित्येक वर्षं तिथेच अडकायचे. 'तिला दोन भाऊ आहेत' यात 'आहेत' कुणामुळे आलं? भावांमुळे. तेच डोक्यात ठेवून आपण 'शी हॅव टू ब्रदर्स' बोलून जातो. इंग्रजीत भाऊ दोन असोत नाहीतर पाच, वाक्य तिचं आहे, शी हॅज. तुमच्या म्हशींचं पण तेच, म्हशी दोन असल्या तरी आजोबा एक, ही हॅज.

अजून एक, 'माझ्या मैत्रिणींपैकी एक पुण्यात आहे', इथे मराठीत 'एक' नंतर येतं म्हणून आपण चुकत नाही. इंग्रजीत 'वन' आधी आणि 'फ्रेंड्स' क्रियापदाला खेटून, मग तोंडातून 'वन ऑफ माय फ्रेंड्स आर' निघतंच. तिथे थांबून वन शोधायचा, इज.

आणि इंग्रजीतलं 'आय' की 'मी' (me)? माझ्या मेलमध्ये नेहमी 'प्लीज कॉल माय कलीग ऑर आय' असायचं, ऐकायला भारदस्त वाटतं म्हणून. कलीगला काढून वाचा, 'प्लीज कॉल आय', लगेच खटकतं. म्हणजे 'ऑर मी'. मराठीत 'मला' आलं की इंग्रजीत मी, सोपं.

निवृत्त मास्तर:
शेवटचं जरा जपून हां ताई. 'मला भूक लागलीये' म्हणजे 'आय ॲम हंग्री', 'मला आंबा आवडतो' म्हणजे 'आय लाइक मँगो'. 'मला'वरून ठरवायला गेलं तर पोरं घसरतात. दुसऱ्याला काढून वाचायची तुमची युक्ती मात्र पक्की आहे, मी वर्गात तीच शिकवायचो.

अनुवादवाली:
पण 'दे' एका माणसासाठी वापरतातच की! 'प्रत्येकाने आपापला डबा आणावा' हे 'एव्हरीवन शुड ब्रिंग देअर टिफिन' असंच होतं, कारण मुलगा की मुलगी ते माहीत नाही. ऑक्सफर्डच्या कोशात याचं १३७५ चं उदाहरण आहे, आणि मेरियम-वेब्स्टरने २०१९ साली 'दे' हाच वर्षाचा शब्द निवडला होता. कुणी स्वतःहून सांगितलं की मला 'दे' म्हणा, तर त्यांच्यासाठीही. पण हे आदरासाठी नाहीये, त्यामुळे आजोबांना ते लागू होत नाही. 'एव्हरीवन'पुढे क्रियापद मात्र एकवचनीच, 'एव्हरीवन इज', 'एव्हरीवन हॅज'. तिथे पण सगळे म्हणून 'आर' लावणारे खूप भेटतात.

सातारची आई:
खूप खूप आभार सगळ्यांचे. मास्तर, ते दाऊ आणि यूचं सांगितलं तेव्हा ती डोळे मोठे करून ऐकत होती. मग दहाही ओळी तिने स्वतःच नव्याने लिहिल्या, मी फक्त शेजारी बसले होते. शेवटची ओळ 'माय ग्रँडपेरंट्स' अशी सुरू केली, पेन उचललं, आजी आणि आजोबा अशी दोन बोटं मोजली आणि लिहिलं, 'आर'.