वास रोगाचा नाही, फुलाचाच

स्टॅपेलिया या निवडुंगासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या कुंडीला मेलेल्या उंदरासारखा वास येतोय म्हणजे मुळं कुजली, उपटून टाका, असा सल्ला कुणीतरी दिलाय. उपटू नका हो! तो वास फुलाचाच. दक्षिण आफ्रिकेकडच्या या झाडाचं परागीभवन माश्या करतात, म्हणून फूल सडक्या मांसाचं सोंग आणतं, वासासकट अंगावरच्या केसांसकट. आमच्या पहिल्या फुलाच्या मधोमध तर माशीनं पांढऱ्या बारीक अंड्यांचा पुंजकाच घातला होता. सासूबाईंनी कुंडी त्याच दिवशी गच्चीच्या पार टोकाला नेऊन ठेवली. अंड्यांतून निघालेल्या अळ्यांना फुलात खायला काहीच नसतं, त्या मरतात; झाडाला त्रास नाही.

खरी कूज ओळखायची तर खोडाचा बुडखा दाबून बघा. मऊ, तपकिरी लागला तर गेलं. कोल्हापुरात जुलैची झड लागली की हमखास होतं हे. माझं एक झाड असंच गेलं, पण वरची हिरवी कांडी कापून चार-पाच दिवस सावलीत सुकवली आणि विटांचा चुरा, भरड वाळू नि थोडी माती यात नुसती आडवी टेकवली, तर फुटली. आता जून ते सप्टेंबर कुंड्या पत्र्याखाली, पाणी जवळपास बंद.

आणि हे काही अगदी परकं झाड नाही बरं का. आपल्या माळावरची माकडशिंगी, सह्याद्रीतली कंदीलपुष्पं याच्याच भावकीतली.