घरातलं जेवण रुळावर आणायचंय, सुरुवात कुठून करू?

ओंजळ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहूनच टाकते. घरात आम्ही पाच जण, मी, नवरा, सासूबाई, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चारचा. दोघंही नोकरी करतो. रात्रीचं जेवण म्हणजे एक जण टीव्हीसमोर, एक फोनमध्ये, सासूबाई आधीच जेवून घेतात कारण आमची वेळच ठरलेली नसते आणि मी सगळ्यांचं झालं की ओट्यापाशी उभ्याउभ्याच. दर रविवारी फ्रिज आवरताना अर्धी पालेभाजी काळी पडलेली निघते तेव्हा अगदी तुटतं आत.

दोन महिन्यांपूर्वी एकदम सगळं बदलायचं ठरवलं. काचेच्या बरण्या आणल्या, प्लास्टिकचे डबे माळ्यावर टाकले, आठवड्याचा चार्ट लावला, खतासाठी बादली आणली. तीन आठवडे चाललं, मग मुलगा आजारी पडला आणि सगळं बारगळलं, बादलीला तर असा वास सुटला की नवऱ्याने ती उचलून बाहेर ठेवली. मला फोटोतल्यासारखं घर नकोय हो. दमून आल्यावर आत पाऊल टाकलं की बरं वाटावं, अन्न फुकट जाऊ नये आणि मुलांना आपण काय खातोय ते कळावं, एवढंच. ज्यांच्याकडे हे खरंच टिकलंय त्यांनी सांगा ना.

कोपऱ्यातली_खिडकी
ते डबे आधी माळ्यावरून खाली काढा. गरम काही भरू नका त्यात, पण कोरड्या धान्याला उत्तम आहेत. २०१८ साली डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने पिशव्यांचा अभ्यास केला होता, साध्या सुती पिशवीची पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी व्हायची तर नुसता हवामानावरचा परिणाम धरला तरी ती ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाणी वगैरे सगळंच धरलं तर हजारो वेळा. म्हणून आमच्याकडे नियम असा की असलेली वस्तू पुरती झिजल्याशिवाय नवीन आणायची नाही, मग ती कितीही पर्यावरणपूरक असो.

आता फ्रिज. मधल्या कप्प्यात अगदी डोळ्यासमोर एक ट्रे ठेवा, त्यावर चिठ्ठी लावा, 'आधी हे'. अर्धा कांदा, कालची डाळ, मऊ पडायला लागलेले टोमॅटो, सगळं तिथे. बाजारात जायच्या आधी तो ट्रे बघायचा आणि मगच यादी करायची. आमचा सगळा फरक ह्या एका ट्रेने पडला, चार्ट आम्हालाही कधी जमला नाही. पालेभाजी न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा, ओली ठेवली की सडते. सफरचंद आणि पिकलेली केळी भाज्यांपासून लांब, त्यातून इथिलीन वायू निघतो आणि शेजारचं सगळं लवकर पिकतं, पालेभाजी पिवळी पडते. कांदे-बटाटेही एका टोपलीत नकोत. आणि उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, त्यात एका जिवाणूचे बीजाणू असतात जे शिजवूनही मरत नाहीत, बाहेर राहिला की वाढतात आणि जे विष तयार करतात ते नंतर गरम करूनही जात नाही. पसरट भांड्यात लवकर गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

माती_आणि_मी
बादली आत आणा, ती बिघडलेली नाहीये. वास येतो म्हणजे आत पाणी जास्त झालंय आणि हवा कमी. आमचीही पहिली अशीच सडली होती, विकणाऱ्याने नुसतं 'कचरा टाकत राहा' म्हणून सांगितलं होतं. एक वाटी सालं टाकली की दोन-तीन वाट्या सुकं पडलं पाहिजे, वाळलेली पानं, पुठ्ठ्याचे तुकडे, भुसा, जे मिळेल ते. बादलीला बाजूने आणि तळाला भोकं हवीत, आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं. मूठभर घेऊन दाबा, पिळलेल्या फडक्याइतकी ओल लागली तर बरोबर, पाणी गळायला लागलं तर अजून सुकं घाला. तेलकट, दुधाचं, मांसमच्छी असलं काही टाकू नका. आमची पहिली बादली तीन महिन्यांनी उपसली तेव्हा तळाचा थर काळा भुसभुशीत, अंड्याची टरफलं सोडली तर काय होतं ते ओळखूच येईना. मुलं हात घालून बघत बसली होती.

आणि रविवारी तुटतं म्हणालात ते अगदी योग्यच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा अहवाल आहे, २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के हॉटेलं-दुकानांतून नाही तर घरांतून गेलं.

चिमणचारा
मुलांबद्दल मी सांगते. एलिन सॅटर म्हणून अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ आहेत, त्यांनी कामाची वाटणी सांगितलीये, काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते मुलाने. मला आधी पटलंच नव्हतं, उपाशी राहील म्हणून जीव वर-खाली व्हायचा. पण मागे लागणं बंद केल्यावर आमच्याकडची रोजची रडारड थांबली. नवीन भाजी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावरही काही मुलं पहिल्यांदा तोंडात घालतात, तोवर नुसती ताटाच्या कडेला चमचाभर दिसू द्यायची, आग्रह नाही की लाच नाही. आणि हाताला काम द्या. धाकटीला मटार सोलायला बसवते मी, एक भांड्यात एक तोंडात असं चालतं, सोलून होईपर्यंत अर्धे गेलेले असतात. तीच मुलगी शिजवलेल्या मटाराकडे बघायची पण नाही.

निवांत
जेवताना सगळ्यांनी गप्प बसून लक्षपूर्वक खावं असं मी सुचवेन. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत ताण कमी करायचा जो कोर्स सुरू केला त्यात एकच बेदाणा हातात घेऊन बघायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा आणि मग सावकाश चावायचा असा सराव आहे. मुलांना हे फार आवडतं.

चिमणचारा
बेदाणा छान आहे, पण चार वर्षांच्या मुलाला अख्खं जेवण गप्प बसवू नका हो. आमच्याकडे जेवताना गप्पाच जास्त होतात, दिवसभरात तेवढाच वेळ मिळतो.

निवांत
मान्य. पहिले दोन घास शांतपणे, एवढं तरी जमेल.

थोरली
सगळे सल्ले वाचले, सगळे चांगले आहेत आणि सगळे ओंजळच्याच डोक्यावर जाऊन बसणार आहेत. ट्रे तिने बघायचा, बादली तिने ढवळायची, मटार घेऊन मुलाजवळ तिने बसायचं. अगं, तू उभ्याने जेवतेस हे वाचून मी पुढचं वाचायचंच थांबले होते. आधी तू बस. रोजचं एक जेवण, ताटं एकदमच वाढायची, तू बसल्याशिवाय कोणी सुरुवात करायची नाही, लागेल ते ज्याचं त्याने उठून घ्यायचं. अन्न साधंच असू दे, डाळ-भात आणि एक भाजी. मी वीस वर्षं गरम-गरम वाढत राहिले आणि माझ्या मुलांना आई जेवते कशी हेच माहीत नव्हतं.

नवऱ्याकडे मदत मागू नकोस, आठवड्यातले दोन दिवस पूर्ण दे. दुपारीच घरात काय आहे ते आठवण्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत सगळं त्याचं, आणि त्या दिवशी तू मधे बोलायचं नाहीस. ते कठीण जाईल तुला. आणि वेळ सासूबाईंना ठरवू दे, भूक त्यांना आधी लागते.

ओंजळ
तीन आठवड्यांनी लिहितेय. थोरलीताई, तुमचं वाचून मी रडले होते त्या दिवशी, मग नवऱ्याला तसंच वाचायला दिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला मंगळवार-शुक्रवार माझे. सासूबाईंनी साडेसात सांगितले. सुरुवातीला कोणालाच जमेना, आता आठवड्यात चार-पाच दिवस जमतं आणि फोन तेवढा वेळ चार्जिंगला दुसऱ्या खोलीत असतात. नवऱ्याची भाजी जरा खारट होते, पण मी खरंच मधे बोलत नाही.

ट्रे मुलीने ताब्यात घेतलाय, चिठ्ठीवर चित्रं काढलीयेत. ह्या रविवारी फ्रिजमधून फक्त एक काकडी टाकावी लागली, ती बादलीत गेली. पुठ्ठा घातल्यावर दहा दिवसांत वास गेला. बरण्या अजून तशाच आहेत, हळूहळू भरतील.

मुलाने काल पालकाचं पान तोंडात घातलं आणि बाहेर काढलं. चौथी वेळ होती, मोजतेय.