संजय गांधी निराधारचे पैसे चालू असताना बाळ झालं तर काय बदलतं?

प्रश्न : इंद्रायणीकाठ

एका ताईंसाठी विचारते आहे. त्या अस्थिव्यंग आहेत, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगत्वाच्या कार्डावर 60 टक्के आहेत. संजय गांधी निराधारचे महिन्याला 2500 येतात. पहिलंच बाळ, सातवा महिना चालू आहे. बाळंतपण माहेरी, म्हणजे दुसऱ्या तालुक्यात होणार. मातृवंदनाचा, म्हणजे गरोदर बाईला मिळणाऱ्या सरकारी मदतीचा फॉर्म भरला की निराधारचे पैसे बंद होतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यांनी आशाताईंना कागदच दिले नाहीत. हे खरं आहे का? बाळ झाल्यावर तहसीलला कळवावं लागतं का?

उत्तर : सेतूवाला

ताई, अजिबात खरं नाही. कागद उद्याच द्यायला सांगा.

हा गैरसमज लाडकी बहीणमुळे पसरतो. सरकारच्या दुसऱ्या योजनेतून दरमहा 1500 किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही, अशी तिथली अट आहे. म्हणून निराधारचे 2500 घेणारी बाई तिथे अपात्र ठरते. मातृवंदना दरमहाची योजना नाही. पहिल्या बाळाला 5000, दोन हप्त्यांत. गरोदरपणाची नोंद आणि सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली की 3000. जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की 2000. दुसरी मुलगी झाली तर एकदम 6000.

आणि 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व हाच त्या योजनेत पात्रतेचा एक निकष आहे. म्हणजे यूडीआयडी कार्ड पुरतं, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हेलपाटे नकोत. नवऱ्याचं आधारही आता सक्तीचं नाही. माता बाल संरक्षण कार्डावर तपासणीची तारीख नीट लिहिलेली आहे ना, एवढं आधी बघा. ती कोरी असली की फॉर्म तिथेच अडकतो. फॉर्म भरायला बाळ जन्मल्यावर 270 दिवस उलटू देऊ नका.

निराधारची रक्कम ताईंच्या नावावर आहे, ती बाळामुळे कमी होत नाही, वाढतही नाही. पूर्वी विधवांना एक अपत्य असेल तर 1100 आणि दोन असतील तर 1200 असे वेगळे दर होते. जुलै 2023 पासून सरसकट 1500 झाले, दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून 2500. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा 50,000 आहे आणि बाळाने उत्पन्न वाढत नाही. त्यामुळे बाळ झालं म्हणून पगार बंद, असं होत नाही.

उत्तर : दाखलेमित्र

वरचं सगळं बरोबर. पण बाळंतपणाच्या काळात पैसे थांबतात हेही खरं आहे, फक्त कारण दुसरं असतं.

पहिलं कारण खातं. मातृवंदनासाठी आधार जोडलेलं खातं लागतं, म्हणून घाईत पोस्ट पेमेंट बँकेत नवीन खातं उघडलं जातं आणि तिथे आधार जोडलं जातं. आधारवरून येणारे पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मग निराधारचे 2500 सुद्धा तिकडेच जमा होतात, आणि घरचे जुनं पासबुक छापून घेऊन म्हणतात, बंद झाले! तहसीलला अर्ज करण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, कुठली बँक दिसते ते लगेच कळतं. जुनं खातं चालू आणि आधार जोडलेलं असेल तर तेच द्या, नवीन उघडूच नका.

दुसरं, यूडीआयडी तात्पुरतं आहे का? कार्डावर वैधतेची तारीख असेल आणि ती बाळंतपणाच्या आसपास संपत असेल, तर आत्ताच जिल्हा रुग्णालयात फेरतपासणी करून घ्या. ओली बाळंतीण तपासणीच्या बोर्डाच्या रांगेत उभी राहू शकत नाही, आणि राहू नये.

तिसरं, हयातीचा दाखला. माहेरी असताना त्याची मुदत येत असेल तर निघण्याआधी तलाठी किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेत विचारून घ्या.

इंद्रायणीकाठ

खूप आभार. कार्ड कायमस्वरूपी आहे, ती काळजी नाही. पण आधार माहेरच्या नावाने आहे आणि दवाखान्यातला केसपेपर सासरच्या नावाने. याने अडेल का?

उत्तर : दाखलेमित्र

अडेल. प्रसूतीनंतर जन्मनोंदीचा फॉर्म खाटेपाशी येतो आणि जो नातेवाईक हजर असेल तो भरतो. तो केसपेपर बघून सासरचं नाव लिहितो. जन्मदाखल्यावर एक नाव, आधार आणि यूडीआयडीवर दुसरं, मग पुढच्या प्रत्येक अर्जाला अडचण. एका चिठ्ठीवर आधारप्रमाणे नाव अक्षराला अक्षर लिहून ती आत्ताच फाईलला टाचून ठेवा आणि केसपेपरही दुरुस्त करून घ्या. जिथे जन्म तिथे नोंद, 21 दिवसांच्या आत, विनाशुल्क. दाखला हातात घेऊनच सासरी परता, नाहीतर एका कागदासाठी दुसऱ्या तालुक्याची वारी होते.

उत्तर : रेशनची_बाजू

रेशनचं प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर बाळाचं नाव लागलं की माणशी 5 किलोप्रमाणे धान्य वाढतं. अंत्योदय असेल तर नाव लावा, पण 35 किलोच राहतात. बाळाचं निळं आधार काढायला बोटांचे ठसे लागत नाहीत, जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांचं आधार पुरतं.

मुलगी झाली आणि कार्ड पिवळं किंवा केशरी असेल, तर लेक लाडकीचा अर्ज अंगणवाडीत द्या. जन्मानंतर 5000, पुढे पहिली, सहावी, अकरावीला टप्पे, 18 वर्षांनंतर 75,000. उत्पन्नाची मर्यादा 1 लाख. इथे मात्र उत्पन्नाचा दाखला लागतो.

उत्तर : सेतूवाला

एक मनापासून सांगतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 24 मध्ये दिव्यांग स्त्रीला मुलांच्या संगोपनासाठी आधार देण्याची तरतूद आहे. केंद्र सरकारी नोकरीतल्या दिव्यांग आईला बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत महिन्याला 3750 मिळतात. निराधारवर जगणाऱ्या आईला त्यासाठी वेगळा एक रुपया नाही, आणि गरज तिला जास्त आहे. म्हणून जे मिळतं त्यातलं काही सोडू नका. प्रसूती सरकारी रुग्णालयात केली तर शस्त्रक्रिया, औषधं, रक्त सगळं मोफत, जायला-यायला 102 ची गाडीही. घरचा जिना, रस्ता आणि व्हीलचेअर याबद्दल आशाताईंना आधीच सांगून ठेवा.