व्हेक्टरला सदिश म्हणायचं का? आणि स्प्राइटला काय म्हणायचं?

प्रश्न:
पुतणी नववीत आहे, मराठी माध्यम. सुट्टीत तिला पायगेम (पायथनमध्ये गेम करायची लायब्ररी) शिकवतोय, दोघं मिळून छोटा टू-डी गेम करतोय. आधी एक्स आणि वाय असे सुटे व्हेरिएबल होते, मग प्रत्येक ओळ दोनदोनदा लिहायला लागली म्हणून स्वतःचा व्हेक्टर क्लास (एक्स-वाय जोडी एकत्र धरणारा कोडमधला साचा) लिहिला, बेरीज, वजाबाकी, आकड्याने गुणणं आणि लांबी, बास एवढंच. तिने विचारलं काका व्हेक्टर म्हणजे काय, मी म्हटलं सदिश. तर म्हणते, सदिश म्हणजे दिशा असलेलं ना, मग स्प्राइट, म्हणजे गेममधलं हलणारं चित्र, (३००, २००) वर नुसता उभा आहे त्याला कुठली दिशा? मला धड उत्तर देता आलं नाही. शब्द चुकतोय की माझीच समज कच्ची आहे? आणि स्प्राइटला मराठीत काही आहे का?

प्रतिसाद:
पुतणीचं बरोबर आहे. व्हेक्टर मूळ लॅटिन, अर्थ वाहून नेणारा. डासाला मलेरियाचा रोगवाहक म्हणतो ना, तिथेही इंग्रजीत व्हेक्टरच. म्हणजे 'इथून तिथे नेणं' हा त्या शब्दाचा गाभा, आणि सदिश मध्ये तोच दिशेच्या बाजूने आलाय. पण (३००, २००) हे नेणं नाही, ते ठिकाण आहे. त्याला सदिश म्हणायचं तर स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून तिथपर्यंतचा बाण धरावा लागतो, पुस्तकात त्याला स्थिती सदिश म्हणतात.

गोंधळ असा की क्लास एकच आणि त्यात आपण दोन जातीच्या गोष्टी भरतो. नववीच्या विज्ञानात स्थान, विस्थापन, चाल, वेग हे सगळे शब्द आहेत, तेच वापरा की. स्थान वजा स्थान म्हणजे विस्थापन, स्थान अधिक विस्थापन म्हणजे नवं स्थान, पण स्थान अधिक स्थान याला काही अर्थच नाही. दादरहून ठाण्याला जाता येतं, दादर अधिक ठाणे किती होणार? क्लासचं नाव व्हेक्टरच राहू दे (वेक्टर नको, ते हिंदी वळण झालं), पण व्हेरिएबलची नावं अर्थाने द्या. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, त्यामुळे सरळ

स्थान = स्थान + वेग * वेळ

असं लिहिलंत तरी चालेल, आणि मुलीला ती ओळ धड्यातल्यासारखी वाचता येईल.

फक्त पुढे सी प्लस प्लस शिकवाल तेव्हा तिथल्या लायब्ररीतल्या व्हेक्टरला सदिश म्हणू नका, ती नुसती वाढत जाणारी यादी आहे, दिशेशी काही संबंध नाही.

प्रतिसाद:
स्प्राइटला मी सोंगटी सुचवतो. इंग्रजी शब्द मूळचा आत्मा, परी असल्या अर्थाचा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या १९७९ च्या टीएमएस ९९१८ या व्हिडिओ चिपमध्ये तो चित्रांसाठी वापरला, कारण ती चित्रं मागच्या चित्राला धक्का न लावता त्याच्यावर तरंगायची. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकात अशी ८ असायची. आता आपला सारीपाट आठवा. पट तसाच अंथरलेला, त्यावरचं काही खोडायचं नाही की पुन्हा काढायचं नाही, सोंगटी तेवढी उचलायची आणि सरकवायची. परीपेक्षा हे जास्त नेमकं बसतं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नकर्ता:
सोंगटी फार आवडली, पुतणीलाही. पण एक अडचण, सोंगटी पूर्ण घरात बसते, दीड घरात बसत नाही. आणि आमचा शत्रू नेमका यावरच अडलाय, डावीकडे धावतो आणि उजवीकडे जागचा हलत नाही, वेग दोन्हीकडे सेकंदाला ३० पिक्सेलच.

प्रतिसाद:
मग तुमची सोंगटी खरंच घरात बसतेय. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडदा ६० वेळा नव्याने काढायचा असं धरलं तर दर फ्रेमला अर्धा पिक्सेल. पायगेमचा साधा रेक्ट (चित्राची जागा सांगणारा चौकोन) पूर्णांकच ठेवतो, अपूर्णांक कापून टाकतो. १०० चे १००.५ झाले की परत १००, म्हणजे जागेवरच. डावीकडे मात्र ९९.५ चे ९९ होतात, म्हणून तिकडे तो दुप्पट, सेकंदाला ६० ने पळतो. तेव्हा दोन शब्द वेगळे ठेवा, 'स्थान' तुमच्या व्हेक्टरमध्ये अपूर्णांकासकट आणि 'घर' म्हणजे रेक्ट. बेरीज कायम स्थानातच करायची, काढायच्या क्षणी त्यावरून घर ठरवायचं आणि घरावरून स्थान उलटं कधीही भरायचं नाही.

प्रतिसाद:
सोंगटी घेतलीत तर 'चाल' जपून. धड्यात चाल म्हणजे दिशा नसलेला वेग आणि पटावर चाल म्हणजे एक खेळी. फरक कोडमध्येही लागतो. कीबोर्डवरचे दोन बाण, समजा उजवा आणि खालचा, एकदम दाबले आणि दोन्हीकडे वेग २०० धरला तर तिरकी चाल २८३ च्या आसपास जाते. आधी दिशेचा एकक सदिश (लांबी १ असलेला) करा आणि मग चालीने गुणा. काहीच दाबलेलं नसेल तर शून्य सदिश येतो, तेव्हा लांबीने भागू नका, एरर येईल.

प्रश्नकर्ता:
स्थान आणि घर वेगळं केलं, शत्रू उजवीकडे चालायला लागला. चाल तशीच ठेवतोय. सारीपाट तिने कधी पाहिलाच नाही, तिला चाल धड्यातलीच माहितीये. सोंगटी म्हणजे काय ते कॅरमवरून सांगितलं.