वाचलं की त्याच लेखकासारखं लिहिलं जातं, वाचन बंद करू का?

द्राक्षबाग_ते_अंबड

नमस्कार मंडळी. मी मूळचा निफाड तालुक्यातला, सध्या नाशकात सिडकोत राहतो आणि अंबडला एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला आहे. वाचायचं वेड लहानपणापासूनचं. घरात पुस्तकं अशी नव्हतीच, पण बागेच्या औषधांच्या खोक्यात ती घडी घातलेली बारीक अक्षरातली माहितीपत्रकं यायची ना, ती सुद्धा मी वाचून काढायचो, वडील म्हणायचे याला बाग नको कागद पाहिजे. पुढे कॉलेजला नाशकात आलो, सावानाचा (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) मेंबर झालो आणि तिथून जो सुटलो तो सुटलोच.

आता प्रश्न असा की काही वर्षांपासून मी कथा लिहितोय आणि ज्या लेखकाचं पुस्तक चालू असेल त्याची चाल माझ्या लिखाणात येते. माणदेशातल्या कथा वाचल्या की माझा निफाडचा शेतकरी माणदेशी बोलायला लागतो, अनुवादित काही वाचलं की तोच शेतकरी खिडकीतून बाहेर बघत एकटेपणाचा विचार करतो. एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती, संपादकांचा फोन आला, म्हणाले कथा बरी आहे पण भाषा उसनी वाटते. तेव्हापासून ते डोक्यात बसलंय. कंपनीतला एक मित्र म्हणतो वर्षभर वाचन बंद कर, आपोआप स्वतःचं लिहिशील.

कथेची सुरुवात देतो, सांगा खरंच उसनी वाटते का:

"सांज ओसरत आली होती. द्राक्षांच्या वेली वाऱ्यावर मंद डोलत होत्या आणि आबांच्या मनात एक अनामिक हुरहुर दाटून आली होती."

दुसरं म्हणजे मोठ्या लेखकांना काही ना काही छंद असतो असं दिसतं, मला वाचन सोडून एकही नाही. त्याने काही अडतं का?

सावानाचा_जुना_मेंबर

संपादक म्हणाले ते खरं असेल पण म्हणून वाचन बंद, हा कुठला न्याय. सावाना १८४० पासून चालू आहे, इतक्या वर्षांत नाशकातला कोणी लिहिणारा जास्त वाचल्यामुळे वाया गेला असं निदान मी तरी ऐकलेलं नाही.

तू निफाडचा आहेस म्हणून तुझ्याच तालुक्यातलं सांगतो. कुसुमाग्रज, म्हणजे आपले तात्यासाहेब शिरवाडकर, जन्मले पुण्यात, १९१२ ला, पण लहानपण पिंपळगाव बसवंतला, वडील तिथे वकिली करायचे, पुढची शाळा आणि एचपीटी कॉलेज नाशकात. आता तात्यासाहेबांच्या नाटकांची यादी समोर ठेव. १९४६ चं 'दूरचे दिवे' ऑस्कर वाइल्डच्या नाटकावरून. १९५० चं 'वैजयंती' मेटरलिंकवरून. १९५४ चं 'राजमुकुट' म्हणजे मॅकबेथ. मधे १९५६ ला कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद, मग १९६१ ला 'ऑथेल्लो'. म्हणजे पंधरा वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या घरी मुक्कामाला होता, आणि तोही लपूनछपून नाही, सांगूनसवरून. त्यानंतर १९७० ला 'नटसम्राट' आलं. त्यातही लिअर राजाची सावली आहेच की, सगळं पोरांना देऊन टाकून रस्त्यावर आलेला बाप. पण अप्पा बेलवलकर कोणाला इंग्रज वाटतात का? आपल्या गल्लीतल्या एखाद्या वाड्यातून उठून आल्यासारखे वाटतात.

तर माझं म्हणणं एवढंच की तुझी उसनवारी नकळत होतेय म्हणून ती खटकते. मुद्दाम करून बघ. आवडलेली एखादी कथा घे आणि सगळी निफाडात आणून बसव, माणसं बदल, पीक बदल, भांडणाचं कारण बदल. छापायला नाही हां, हात बसायला. कुठे अडतोस ते बघ, जिथे मूळ कथेतलं वाक्य तुझ्या माणसाच्या तोंडी काही केल्या बसत नाही तिथेच तुझं स्वतःचं सुरू होतं.

आणि तात्यासाहेब नुसते पुस्तकात डोकं घालून बसलेले नव्हते हेही लक्षात घे. १९३२ ला काळारामाच्या सत्याग्रहात होते, 'सती सुलोचना' सिनेमात लक्ष्मणाचं काम केलं, मग वर्तमानपत्रांतल्या नोकऱ्या. 'विशाखा' आली १९४२ ला, तीसुद्धा वि. स. खांडेकरांनी पदरचे पैसे घालून छापली म्हणून. घाई करू नकोस.

दिंडोरी_रोडवाली

वरचं सगळं मान्य पण मला एक सांगा भाऊ, बाग तुमच्या घरचीच आहे ना? मग वेली डोलतात कशा? मांडवाच्या तारेला सुतळीने बांधलेल्या काड्या त्या, डोलणार कुठे? वारा सुटला तर पानं सळसळतील फार तर. आणि अशा वेळी बागाईतदाराला हुरहुर वगैरे काही होत नाही हो, तो आभाळाकडे बघतो आणि कोणाला तरी फोन लावतो, तुमच्याकडे आलाय का विचारायला. बाग फुलोऱ्यात आणि वरून पाऊस म्हणजे गळ, कुज आणि डाउनी (बुरशीचा रोग), तिन्ही एकदम. पहाटे चिखलात ट्रॅक्टर घालून ब्लोअरने औषध मारायचं, तो फसला की दुसऱ्याचा ट्रॅक्टर आणायचा ओढायला, आणि ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे त्याच्याकडेच नेमका मोठा ट्रॅक्टर असतो. ही घ्या तुमची कथा, फुकट.

मी बागेतच वाढलेली आहे म्हणून बोलते. डिपिंगला, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायला, पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या येतात, बायका हात वर करून एकेक घड मगात बुडवतात आणि ते पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत ब्लाउजच्या बाहीत जातं, दिवसभर. संध्याकाळी त्यातली एक जण बाही पिळताना मी बघितलेली आहे. हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलेलं नाही, असेल तर सांगा, मला वाचायचंय. तुमच्याकडे गोडी छाटणीपासून (फळासाठीची छाटणी) व्यापारी पैसे बुडवून पळण्यापर्यंत सगळा माल घरात पडलाय आणि तुम्ही सांज ओसरवताय.

वाचन नका बंद करू, पण लिहिताना तुम्ही बागेत नव्हता, आधी वाचलेल्या पानात होता, हे दिसतंय. (राग मानू नका, हुरहुर मी पण लिहायचे.)

पंचवटीचा_पासवाला

मी थोडं उलट बोलणार आहे, सगळे वाचनाच्या बाजूने आहेत म्हणून. तुमचा मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीये. वर्षभर नको, पण कथा लिहायला घेतली की ती संपेपर्यंत दुसऱ्याची कथा वाचायची नाही असं मी पाळतो. तेव्हा इतिहास वाचा, गॅझेटियर वाचा, तुमची ती औषधांची पत्रकं वाचा, त्यातून कोणाची चाल चिकटत नाही.

आणि कान उघडे ठेवा. मी बरीच वर्षं पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन येऊन नोकरी केली. पासवाल्यांच्या डब्यात इगतपुरीपर्यंत जे कानावर पडायचं, म्हणजे पोरीचं लग्न, साहेबाची बदली, फ्लॅटचा हप्ता, एकाने तर सासऱ्याशी झालेलं भांडण कसाऱ्यापासून कल्याणपर्यंत सासऱ्याच्या आवाजात करून दाखवलं होतं, अख्खा डबा गप्प होऊन ऐकत होता. त्याने आयुष्यात एक कथा वाचली नसेल.

आपल्या जिल्ह्यातलंच बघा. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२. मोठे होईपर्यंत अक्षरओळख नव्हती. मुंबईला असताना कोणीतरी पत्र वाचून द्या म्हणून समोर धरलं आणि वाचता येईना, ते मनाला फार लागलं. मग एका मास्तरांकडून मुळाक्षरं शिकले आणि जोडाक्षरं दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. आणि पुढे त्या माणसाची गाणी गावोगाव लोकांच्या तोंडी झाली. बाबूराव बागूल आपल्या विहितगावचे, १९६३ ला 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं तेव्हा मराठी कथेत तशी भाषा कोणी आणलेली नव्हती, कारण ती जगण्यातून आली होती, पुस्तकातून नाही.

सावानाचा_जुना_मेंबर

पासवाले, बागूलांचं ठीक आहे, पण वामनदादांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्या माणसाने वाचता येत नाही म्हणून डोळ्यात पाणी आणलं आणि पाट्या वाचत अक्षर कमावलं, आणि तुम्ही याला हातातलं पुस्तक खाली ठेव म्हणताय. कानाचं मात्र शंभर टक्के मान्य. कथा लिहिताना कथा वाचू नये हे मी पाळत नाही, माझं उलट होतं, चांगलं काही वाचलं की माझं टुकार मला लगेच दिसतं आणि खोडायला जोर येतो. ज्याची त्याची प्रकृती.

दुर्बीण_आणि_मिसळ

छंदाचं कोणी बोललंच नाही म्हणून मी. पुलं पेटी वाजवायचे, व्यंकटेश माडगूळकर चित्रं काढायचे आणि रानोमाळ भटकायचे, दुर्गाबाई भागवत स्वयंपाकात एकदम तरबेज, मारुती चितमपल्ली तर वनखात्यातच होते, म्हणजे त्यांचा छंद आणि पगार एकच. पण यातल्या कोणी लेखनाला उपयोग होईल म्हणून ते धरलं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही जर "कथेसाठी छंद" म्हणून काही सुरू केलंत तर दोन आठवड्यांत सुटेल, जिमसारखं.

पण तुमच्या तालुक्यात नांदूरमधमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे हो! ते रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची जागतिक यादी) गेल्याचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. आम्ही नाशिकहून पहाटे थंडीत कुडकुडत गाड्या काढून येतो आणि निफाडचे लोक विचारतात काय बघायला आलात. हिवाळ्यात एकदा चापडगावच्या मनोऱ्यावर या, दुर्बीण माझी वापरा. तिथे तासभर काहीच होत नाही, नुसतं पाणी, मग एकदम सगळी बदकं उठतात आणि का उठली म्हणून बघावं तर वर दलदल ससाणा घिरट्या घालत असतो. हे कथेत येवो न येवो, सकाळ वसूल. येताना मिसळ ठरलेली.

गंगापूर_रोड_ऑब्झर्वर

संपादकाने फोन करून कारण सांगितलं हेच खूप आहे राव. मला तर साभार परत पण येत नाही आता, मेल पाठवायची आणि विसरून जायचं.

द्राक्षबाग_ते_अंबड

सगळ्यांचे आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. दिंडोरीवाल्या ताई, राग कसला, वेली डोलतात हे वाचून वडील पण हसले असते, बरं झालं त्यांना दाखवलं नाही. रात्रपाळी करून आलो तरी झोप येईना म्हणून सुरुवात परत लिहिली:

"आबा रात्रीतून तीनदा उठून ओट्यावर आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा पहिला थेंब चष्म्यावर पडला. त्यांनी चष्मा शर्टाला पुसला, आत जाऊन ट्रॅक्टरची किल्ली घेतली, आणि मग आठवलं की ब्लोअर बाळूकडे आहे, आणि बाळूशी दिवाळीपासून बोलणं नाही."

मेंबर काका, तुम्ही म्हणता ते दुसऱ्याची कथा निफाडात बसवायचं पण सुरू करतोय, कोणती घ्यावी ते ठरत नाहीये. आणि कुसुमाग्रजांचं मेघदूत कुठे मिळेल? इतकी वर्षं नाव ऐकतोय, वाचलेलं नाही.

दिंडोरी_रोडवाली

हां, आता आबा दिसले. एकच, तीनदा उठले म्हणता तर काकू एकदा तरी ओरडतील ना आतून? आमच्याकडे आई ओरडायची, तुम्ही बघितल्याने थांबणारे का तो. आणि अंधारात ब्लोअर मारत नाहीत, आबांना पहाटेपर्यंत थांबवा. तेवढ्या वेळात बाळूकडे जायचं की नाही हे त्यांना ठरवू दे.

पंचवटीचा_पासवाला

काकूंना ओरडू द्या, नक्की. आणि ही कथा संपेपर्यंत दुसरी कथा वाचू नका, माझं मत कायम आहे.

सावानाचा_जुना_मेंबर

मेघदूत म्हणजे कविता, कथा नाही, तेव्हा पासवाल्यांची परवानगी आहे असं धरून चालतो. माझ्याकडे दोन प्रती आहेत, एक तू ने. रविवारी संध्याकाळी मी कॉलेज रोडला असतो, मेसेज कर. फक्त पानं दुमडायची नाहीत आणि परत आणून द्यायचं, नेलेलं पुस्तक लग्नात आहेर म्हणून देणारी माणसं मी या शहरात बघितलेली आहेत.