फ्रीबीएसडी (युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम) १०.१: एक्समधून (खिडक्यांच्या ग्राफिक स्क्रीनवरून) परतताना कन्सोल (निव्वळ अक्षरांची स्क्रीन) काळा

दादरकर: दादरच्या लॅबमधलं मशीन, इंटेल ग्राफिक्स. कंट्रोल-ऑल्ट-एफ१ दाबलं की स्क्रीन काळी. व्हीटी (नवा कन्सोल ड्रायव्हर) लावू का? मराठी फाइलनावंही दिसायला हवीत.

परळ_टर्मिनल: लावाच! सिसकॉन्स या जुन्या कन्सोल ड्रायव्हरला कर्नल मोड-सेटिंग (स्क्रीनचा मोड कर्नलनेच ठरवणं) कळत नाही, त्यामुळे टेक्स्ट मोड परत येत नाही. लोडर.कॉन्फ या बूटच्या सेटिंग-फाइलमध्ये कर्न.व्हीटीवाय=व्हीटी ही ओळ घाला, रीबूट करा. ११ पासून व्हीटीच डिफॉल्ट आहे. १० ला आता सुरक्षा-पॅच येत नाहीत, तेव्हा अपग्रेडच करा ना.

माहीम_रूट: सिसकॉन्सचे फॉन्ट व्हीटीत चालत नाहीत. बीडीएफ (ठिपक्यांच्या फॉन्टची) फाइल व्हीटीफॉन्टसीव्हीटी कमांडने व्हीटीच्या फॉन्टमध्ये बदला, विडकंट्रोल कमांडने चढवा. पण मराठीची आशा नको: व्हीटीत युनिकोड आहे, पण जोडाक्षरं जुळत नाहीत. ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतरच्या चौकटीत पडते. मराठी नावं एक्समध्येच वाचा.