बाईला मारल्याचं प्रकरण तंटामुक्तीच्या बैठकीत मिटवावं का?

सीनाकाठची, मोहोळ

आशा सेविकांच्या कामावर देखरेख करते, त्यामुळे वाड्यावस्त्यांवर फिरणं रोजचंच. माझं मत सरळ मांडते. बाईला मारल्याचं प्रकरण गावच्या तंटामुक्त समितीनं हातात घेऊ नये. बांधाचा वाद मिटवा, पाण्याच्या पाळीचा मिटवा. त्यासाठीच १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि भावकीतली कित्येक जुनी भांडणं तिनं मिटवलीही. पण बांधाच्या वादात दोन्ही बाजूंच्या पायाखाली स्वतःची जमीन असते. मारझोडीच्या प्रकरणात एकीकडे अख्खं घर, दुसरीकडे एकटी सून, आणि निवाडा करायला पारावर बसलेले नवऱ्याचेच चुलते.

बैठकीत होतं काय? दोघांना समोरासमोर उभं करतात आणि "काय झालं ते सांग" म्हणतात. बंद दाराआड रात्री जे झालं ते ती एवढ्या पुरुषांपुढं कसं सांगणार? ती खाली बघत उभी राहते. मग तिचं काही म्हणणं नाही असं धरून नवऱ्याला चार शब्द सुनावतात, कागदावर दोघांच्या सह्या घेतात आणि तिला नांदायला धाडतात. दप्तरी तंटा मिटल्याची नोंद होते.

त्यानंतरचं आमच्या आशा बघतात. बाईचं बोलणं कमी होतं. रात्र-रात्र डोळा लागत नाही, घास गिळत नाही, छातीत धडधडतं. लेकरावर ओरडते आणि मग स्वतःच रडत बसते. घरचे म्हणतात नाटकं करतीय, शेजारचे म्हणतात बाहेरचं काहीतरी झालंय.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत एक आकडा आहे. हिंसा सोसलेल्या दर शंभर बायकांपैकी ७७ जणींनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. म्हणजे बैठकीपर्यंत पोचलेली बाई ही त्यातल्या त्यात धीराची. तिलाच आपण चारचौघांत गप्प करून परत पाठवतो. बाकीच्या जणी दाराआडून हे बघत असतात.


आप्पा, सांगोला

ताई, तळमळ कळली, पण मत पटलं नाही. मी समितीत बरीच वर्षं काम केलंय. कोर्टाची तारीख म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची, एसटीचं भाडं, वकिलाची फी, आणि हाती काय तर पुढची तारीख. आमची बैठक त्याच संध्याकाळी बसते. पोलिसांत प्रकरण गेलं की दोन्ही घरं कायमची तुटतात. मग लेकरं कुठं जाणार? भाऊ चार दिवस सांभाळतो, पुढं भावजयीचं तोंड बदलतं.

गावाची लाज असते म्हणून पुष्कळ नवरे धाकात आहेत. रात्री बाई ओरडली तर शेजारीच धावतो, कोर्ट धावत नाही. तुम्ही गावालाच यातून बाजूला केलं तर त्याचा हात धरायला उरलं कोण?

आणि हे मनाच्या आजाराचं म्हणाल तर आमच्या आया-आज्यांनी काय कमी सोसलं? त्या उभ्या राहिल्याच की.


वकीलबाई, पंढरपूर

लेकरं कुठं जाणार, हा प्रश्न माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई विचारते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आला. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे आणि त्यात बाईला घर सोडावं लागत नाही. सातबारा किंवा घराचा उतारा कुणाच्याही नावावर असो, ती जिथं नांदली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. कोर्ट नवऱ्याला मारायला मनाई करतं, तिच्या आणि लेकरांच्या खर्चाचे पैसे द्यायला लावतं. या कायद्याखाली अर्ज केला म्हणून नवऱ्याला अटक होत नाही. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. टोमणे, धमक्या, पैसे अडवून ठेवणं यालाही कायदा हिंसाच म्हणतो.

अर्ज द्यायला संरक्षण अधिकारी मदत करतात. वकील लागलाच तर विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला तो मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आशा, शेजारी, कुणीही कळवू शकतं. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर बालंट येत नाही, कायद्यानंच तशी हमी दिली आहे.

अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कलमात लिहिलंय. प्रत्यक्षात वर्षं जातात. आप्पांचं तेवढं म्हणणं खरं आहे, आणि त्यावर आम्ही वकिलांनीही बोललं पाहिजे.


बार्शीकर

चर्चा एकतर्फी चाललीय. ४९८ अ मध्ये, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमात, म्हातारे आईबाप आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणी गोवलेल्या मी जवळून पाहिल्यात. त्यांच्या मनाचं काय? सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सरसकट अटकेला लगाम घातला तो उगाच नाही. बैठकीत निदान दोन्ही बाजू ऐकतात.


वकीलबाई, पंढरपूर

बार्शीकर, तो लगाम बसला, त्यालाही दहा वर्षं उलटून गेली. कारण लिहिल्याशिवाय अटक करू नका असं पोलिसांना बजावलेलं आहे. आता ४९८ अ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ नं घेतलीय. खोटी तक्रार झाली तर ती कोर्टात तपासली जाते. पण कुणीतरी खोटं बोललं होतं म्हणून खरोखर मार खाल्लेलीला पारावर उभं करायचं, हे मला मान्य नाही. आणि दोन्ही बाजू ऐकतात म्हणता, तर शेवटच्या बैठकीत बाई किती बोलली होती ते आठवून बघा.


दवाखान्यातली, अक्कलकोट

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. "मला नवरा मारतो" असं सांगत क्वचितच कुणी येतं. येतात ते डोकं गच्च झालंय, कंबर धरलीय, अंगावरून पांढरं जातंय, अशक्तपणा आलाय असं सांगत. तपासणीत बऱ्याचदा काहीच सापडत नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच अभ्यास केला, तेव्हा पांढरं जाण्याच्या तक्रारीमागे जंतुसंसर्गापेक्षा नैराश्य, चिंता आणि घरातला जाच जास्त दिसला. आपल्याकडे मात्र अशा बाईला सुई देतात, सलाईन लावतात. दोन दिवस बरं वाटतं, कारण तेवढा वेळ ती खाटेवर शांत पडलेली असते.

जोडीदाराची हिंसा सोसलेल्या बाईला नैराश्य येण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट असते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालात आहे. पुढचा मार केव्हा पडेल याचा नेम नसला की शरीर सतत सावध राहतं. जिना वाजला, मोटारसायकलचा आवाज आला की काळीज हलतं. महिनोन्‌महिने असं चाललं की झोप आणि भूक जाते, विसरायला होतं, जगावंसं वाटेनासं होतं. २०२१ मध्ये देशात ४५,०२६ बायकांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यातल्या २३,१७८ गृहिणी होत्या. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर आपण बोलतो, बोललंच पाहिजे. या बायकांचा हिशेब कुठल्या ग्रामसभेत होतो?

काहींच्या अंगात येतं, काहींना देवऋषाकडे नेतात. नेणाऱ्यांवर मी चिडत नाही, कारण तिच्याकडे घराचं लक्ष जाण्याची ती एकच वाट तिथं उरलेली असते. फक्त सोबत दवाखान्यातही आणा, आणि तिला माझ्याशी एकटीला बोलू द्या. सासू नाहीतर नवरा खुर्ची ओढून बसला की माझं सगळं शिक्षण वाया जातं.

टेलिमानस ही मनाच्या आजारासाठीची सरकारी फोनसेवा, तिचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. बायकांसाठी १८१ आहे, आणि आत्ता मारहाण चालू असेल तर ११२.


तांड्यावरचा, दक्षिण सोलापूर

तुम्ही सगळे फांद्या छाटायलाव. मूळ हातभट्टी आहे. २०२१ मध्ये तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते मॅडमनी मुळेगाव तांड्यापासून ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं, नुसत्या धाडी न टाकता लोकांना दुसरा धंदा धरायला लावला. दारू बंद करा, मारझोड आपोआप निम्मी होईल. बैठक आणि कोर्ट, दोन्हीची गरज कमी पडेल.


सीनाकाठची, मोहोळ

दादा, ते काम मोठंच होतं आणि दारूनं मार वाढतो हेही खरंय. पण आमच्याकडे थेंबाला न शिवणारे, माळ घातलेले, पगारदार लोकही बायकोवर हात उचलतात. आणि पिऊन झिंगलेला माणूस सरपंचावर हात टाकत नाही. घरी आल्यावरच टाकतो. तेवढी शुद्ध त्याला असते.


मंगळवेढ्याची सून

आप्पा, तुम्ही वडीलधारे, राग मानू नका. आज्या उभ्या राहिल्या म्हणता. माझ्या आजेसासूचे मालक वारून पुष्कळ वर्षं झाली. अजून घरात पुरुषाचा आवाज चढला की तिच्या हातातलं भांडं खाली पडतं. तिला कुणी कधी विचारलंच नाही, म्हणून ती उभी दिसते.

माझी बैठक झाली होती. गाव सांगत नाही. खरं ते सांगते, त्यानंतर हात थांबला. म्हणून बैठक साफ बंद करा असं मी म्हणणार नाही. पण "तू मला गावात उघडं पाडलंस" हे मी वर्षभर रोज ऐकलं. जेवायला वाढताना, लेकराला आंघोळ घालताना. हात थांबला हे गावाला दिसलं, बोलणं कुणाला दिसणार? मला रानात जायची भीती वाटायला लागली, कारण तिथं विहीर आहे. माझ्याच मनाची भीती. तेव्हा आमच्या आशाताई ज्वारीच्या खळ्यावर येऊन माझ्याशेजारी बसायच्या. काही विचारायच्या नाहीत. मग एक दिवस मीच बोलले.

डॉक्टरताई, नंबर दिलेत ते चांगलं केलंत. पण आमच्यातल्या कितीजणींचा मोबाईल स्वतःच्या हातात असतो? कुणाला फोन लावला ते संध्याकाळी बघतात. नंबर अंगणवाडीच्या आणि पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर लिहा, आणि फोन आशाताईंच्या मोबाईलवरून करू द्या.


आप्पा, सांगोला

पोरी, वाचलं. आजेसासूचं वाचून मला आमची आई आठवली, त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

तरी बैठक बंद करायला माझी ना आहे. तूच म्हणतेस हात थांबला. तो तरी दुसऱ्या कशानं थांबला असता? संरक्षण अधिकारी तालुक्याला, तेही दहा कामांत अडकलेले. गावानं काय करायचं नाही हे समजलं. काय करायचं ते सांगा.


सीनाकाठची, मोहोळ

सांगते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती वहीतल्या सह्यांपुरतीच होते. ती खरी घ्या आणि तिथं ठराव करा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ च्या मे महिन्यात विधवांच्या कुंकू-बांगड्या उतरवण्याची प्रथा ग्रामसभेत बंद केली, लगोलग सरकारनं राज्यभरासाठी परिपत्रक काढलं. ग्रामसभेत एवढी ताकद आहे.

ठरावात एवढं असावं. मारझोडीची तक्रार आली की आधी दोन बायका तिला एकटीला भेटतील, त्यात सासरच्या भावकीतली कुणी नको. तिला काय पाहिजे ते ती त्यांना सांगेल. परत नांदायला जाण्याच्या कागदावर तिची सही कुणी घेणार नाही. संरक्षण अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवायचं. आणि तिला दवाखान्यात न्यायचं, अंगावर वळ असोत नसोत.


आप्पा, सांगोला

सही नको, मान्य. दोन बायका आधी भेटतील, तेही मान्य. पण नवऱ्याला बोलवून चार लोकांत जाब विचारायचा नाही, हे मी ऐकणार नाही.


सीनाकाठची, मोहोळ

खुशाल बोलवा आणि विचारा जाब. फक्त तिला त्याच्यासमोर उभी करू नका. आशाताई दर आठवड्याला तुझ्या घरी येणार, त्यांना दारातून परत पाठवलं तर त्याच दिवशी तालुक्याला कळवणार, हे त्याला बैठकीतच सांगा. माघारी जाऊन "मला उघडं पाडलंस" असं तिला ऐकवलं तर तीही हिंसाच धरू, हेसुद्धा तिथंच, सगळ्यांदेखत सांगा.